मधुमेह, इन्शुलीनावलंबी : व्यायाम व रक्तशर्करा-नियमन

अग्निपिंडातील (स्वादुपिंडातील) इन्शुलीन तयार करणाऱ्या कोशिकांचा (पेशींचा) शरीराच्याच प्रतिरक्षायंत्रणेकडून नाश झाल्यामुळे जो मधुमेह उद्‌भवतो, त्याला पहिल्या प्रकारचा किंवा इन्शुलीनावलंबी मधुमेह म्हणतात. तो कोणत्याही वयात होऊ शकत असला, तरी बहुधा बालपणी किंवा तारुण्यात सुरू होतो. इन्शुलीन हे हॉर्मोन (वाहिनीविहीन ग्रंथींतून सरळ रक्तात मिसळणारा उत्तेजक स्राव) बाहेरून दिल्याखेरीज असा रोगी जगू शकत नाही. प्रौढ व स्थूल व्यक्तींत प्रामुख्याने आढळणारा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह यापासून मूलतः भिन्न आहे. दोन्ही विकारांत व्यायाम उपयुक्त असला, तरी त्याचे कार्य सारखे नसते. दुसऱ्या प्रकारात व्यायाम हा उपचाराचाच एक भाग होय. पहिल्या प्रकारात मात्र तो इन्शुलिनाची जागा घेऊ शकत नाही. शरीरात इन्शुलीन किती आहे यावर व्यायामाने रक्तशर्करा उतरणार की चढणार हे अवलंबून असते. हा भेद स्पष्ट होण्यास दीर्घ काळ लागला आणि तो न ओळखल्यामुळे अनेक रोग्यांची हानी झाली. प्रस्तुत नोंदीत या ज्ञानाच्या विकासाचा आढावा घेतला असून महाराष्ट्रातील, विशेषतः ग्रामीण मराठवाड्यातील, परिस्थितीचा निर्देश केला आहे.

प्राचीन काळ : मधुमेहावर व्यायामाची योजना करण्याची कल्पना भारतात फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचे (मूत्राचे प्रमाण वाढविणाऱ्या विकारांच्या गटाचे) दोन प्रकार सांगितले आहेत : जन्मतः येणारा ‘सहज’ आणि अयोग्य आहारविहाराने होणारा ‘अपथ्यनिमित्तज’. पहिल्या प्रकारचा रोगी कृश, रूक्ष, अल्पाहारी व सतत तहानलेला असतो. दुसऱ्या प्रकारचा स्थूल, बहुभक्षी आणि बसण्या-निजण्याची आवड असलेला असतो, असे वर्णन तेथे आढळते. रोग वाढल्यावर निर्धन व आप्तहीन रोग्याने पादत्राण व छत्रीवाचून, भिक्षेवर निर्वाह करीत, एका गावी एकच रात्र राहून शंभर योजने चालावे. इतरांनी सतत शेतीचे काम करावे अथवा विहीर खणावी, असे उपाय सुश्रुताने सुचविले आहेत. कृश रोग्याला मात्र पोषक अन्नपान द्यावे आणि स्थूल रोग्याला लंघनादी कर्शक उपचार करावेत, असेही त्याने बजावले आहे. चरकसंहितेतही बलवान स्थूल रोगी व दुर्बल कृश रोगी असा भेद करून पहिल्यास शोधन व दुसऱ्यास बृंहण (पुष्टी देणारे) उपचार सांगितले आहेत.

हे प्राचीन वर्गीकरण आणि आधुनिक दोन प्रकार एकच आहेत असे मानणे योग्य ठरणार नाही. आजच्या अर्थाने इन्शुलीनावलंबी असलेला बालरोगी त्या काळी काही महिन्यांतच दगावत असला पाहिजे. तथापि एकच रोगनाम असलेल्या सर्वांना एकच उपचार लागू पडत नाही आणि कृश रोग्याला श्रमांपेक्षा पोषणाची गरज असते, हे निरीक्षण महत्त्वाचे होते. पुढे सामान्य व्यवहारात ‘मधुमेहावर चालणे हा उपाय’ एवढाच भाग लोकांच्या लक्षात राहिला आणि त्यासोबतचा इशारा मागे पडला. रोमन लेखक सेल्सस (इ. स. पहिले शतक) यानेही बहुमूत्रतेवर व्यायाम व अंगमर्दन सुचविले होते, मात्र रोग्यांत असा भेद त्याने केला नव्हता.

एकोणिसावे शतक : आधुनिक काळात व्यायामाला मधुमेहाच्या उपचारांत निश्चित स्थान देण्याचे श्रेय फ्रेंच वैद्य आपॉलिनेर बूशार्दा (१८०६–८६) यांना दिले जाते. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडून अन्नटंचाई झाली, तेव्हा अनेक मधुमेही रोग्यांच्या मूत्रातील साखर कमी झाल्याचे त्यांना आढळले. त्यांनी आहार मर्यादित केला आणि मोकळ्या हवेतील नियमित श्रमांचा आग्रह धरला. श्रम करणाऱ्या रोग्यांना कार्बोहायड्रेटे अधिक सोसतात, हे त्यांचे निरीक्षण पुढील संशोधनाला दिशा देणारे ठरले. त्यांच्याच परंपरेतील एत्येन लांसरो (१८२९–१९१०) यांनी १८८० च्या सुमारास कृश मधुमेह व स्थूल मधुमेह असे दोन प्रकार मांडून कृश प्रकाराचा संबंध अग्निपिंडाच्या विकाराशी जोडला.

व्यायामात साखर कोठे जाते या प्रश्नाचे प्रायोगिक उत्तर शोव्हो व काउफमान यांनी १८८७ च्या सुमारास दिले. घोडा चारा चावीत असताना त्याच्या वरच्या ओठाच्या स्नायूकडे येणाऱ्या व तेथून जाणाऱ्या रक्तातील साखर त्यांनी मोजली. विश्रांतीच्या मानाने कार्यरत स्नायू कित्येक पटींनी अधिक साखर शोषून घेतो, असे त्यांना दिसून आले. १८८९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे फोन मेरिंग व मिंकोव्हस्की यांनी कुत्र्याचे अग्निपिंड काढून टाकल्यास त्याला तीव्र मधुमेह होतो, हे दाखवून दिले. या दोन शोधांतील परस्परसंबंध मात्र पुढील तीन दशके अंधुकच राहिला.

उपवासोपचाराचा काळ : इन्शुलीन उपलब्ध होण्यापूर्वीच्या शेवटच्या काही वर्षांत अमेरिकन वैद्य फ्रेडरिक ॲलन यांची उपवासपद्धती प्रचलित होती. मूत्रातील साखर नाहीशी होईपर्यंत रोग्याला उपाशी ठेवून नंतर अत्यल्प आहारावर जगविले जाई. यामुळे काही मुलांचे आयुष्य महिन्यांनी, क्वचित वर्षांनी वाढले. परंतु त्यांच्या शरीराचा केवळ सापळा उरे. ॲलन यांनी व्यायामाचाही पद्धतशीर अभ्यास केला आणि १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याचे निष्कर्ष दिले. सौम्य विकारात व्यायामाने रक्तशर्करा कमी होते व कार्बोहायड्रेटे अधिक सोसतात. तीव्र विकारात हा लाभ मिळत नाही, असे त्यांना आढळले. इन्शुलिनाचा पूर्ण अभाव असलेल्या शरीरात व्यायाम निरुपयोगी ठरतो, हे यावरून सूचित होत होते. पण इन्शुलीनच हाती नसल्यामुळे त्याचे कारण सिद्ध करता येणे शक्य नव्हते.

इन्शुलिनाचा शोध व लॉरेन्स यांचे प्रयोग : कॅनडातील टोराँटो येथे १९२१ मध्ये बँटिंग व बेस्ट यांनी अग्निपिंडाचा प्रभावी अर्क तयार केला. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड टॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला त्याचे पहिले अंतःक्षेपण (इंजेक्शन) देण्यात आले. त्या वेळी त्याचे वजन जेमतेम ३० किग्रॅ. होते. पहिला अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून दिल्यावर त्याची रक्तशर्करा उतरली व प्रकृती सुधारली. जो रोग निश्चित मृत्यूकडे नेत असे, तो आता आयुष्यभर सांभाळावयाचा रोग बनला. साहजिकच अशा रोग्याने शाळेत जावे का, खेळावे का, श्रमाचे काम करावे का, हे प्रश्न प्रथमच उपस्थित झाले.

त्यांपैकी व्यायामाविषयीच्या प्रश्नाचे पहिले शास्त्रीय उत्तर स्वतः मधुमेही असलेल्या वैद्याने दिले. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील रॉबर्ट डॅनियल लॉरेन्स (१८९२–१९६८) यांना १९२० मध्ये मधुमेहाचे निदान झाले होते आणि १९२३ मध्ये इन्शुलीन मिळाल्यामुळे ते बचावले. १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी व्यायामाचा इन्शुलिनाच्या कार्यावर होणारा परिणाम मांडला. इन्शुलिनाच्या ठराविक मात्रेनंतर व्यायाम केल्यास रक्तशर्करा विश्रांतीच्या मानाने अधिक वेगाने व अधिक प्रमाणात उतरते, असे त्यांना आढळले. श्रमाच्या दिवशी इन्शुलिनाची मात्रा कमी करावी अथवा कार्बोहायड्रेटे वाढवावीत, हा त्यांचा व्यावहारिक निष्कर्ष आजही पायाभूत मानला जातो. १९३४ मध्ये त्यांनी लेखक एच्. जी. वेल्स यांच्या सहकार्याने ब्रिटनमध्ये मधुमेही रोग्यांची संघटना स्थापन केली.

अमेरिकेत इलिअट जॉस्लिन (१८६९–१९६२) यांनी आहार, व्यायाम व इन्शुलीन हे उपचाराचे तीन आधार मानले आणि रोग्याला तीन घोड्यांचा रथ हाकणाऱ्या सारथ्याची उपमा दिली. १९३६ मध्ये मार्बल व स्मिथ यांनी याच परंपरेत या विषयाची दुसरी बाजू दाखविली : इन्शुलीन अपुरे मिळालेल्या रोग्यांत व्यायामाने रक्तशर्करा कमी होण्याऐवजी वाढते. त्याच वर्षी हिम्सवर्थ (१९०५–९३) यांनी इन्शुलिनाला संवेदनशील व असंवेदनशील असे मधुमेहाचे दोन प्रकार प्रयोगाने वेगळे केले. कृश व स्थूल हा प्राचीन भेद अशा रीतीने नव्या पायावर उभा राहिला.

मूत्रपरीक्षेच्या मर्यादा : तत्त्व समजले असले, तरी ते घरोघर वापरण्याचे साधन पुढील चाळीस वर्षे उपलब्ध नव्हते. सामान्य रोग्याला साखर पाहण्यासाठी बेनेडिक्ट विक्रियाकारकाचाच आधार होता. परीक्षानळीत निळा विद्राव घेऊन त्यात मूत्राचे काही थेंब टाकावयाचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळावयाचे आणि हिरव्या, पिवळ्या, नारिंगी किंवा विटकरी रंगावरून साखरेचा अंदाज करावयाचा, अशी ही पद्धती होती. महाराष्ट्रातही अनेक मधुमेही कुटुंबांत हे साहित्य असे. तिचे दोष दोन होते. एक तर मूत्रातील साखर मागील काही तासांची स्थिती सांगते, त्या क्षणाची नव्हे. दुसरे म्हणजे रक्तशर्करा सर्वसाधारण असली काय किंवा धोकादायक इतकी उतरलेली असली काय, विद्राव निळाच राहतो. त्यामुळे खेळापूर्वी मुलाची साखर उतरू लागली आहे हे कळण्यास मार्ग नव्हता. अंगाला दरदरून घाम सुटणे, हातपाय कापणे, चिडचिड, भोवळ व शेवटी बेशुद्धी ही लक्षणे हीच सूचना होती. या भीतीपोटी कित्येक वैद्य, शिक्षक व पालक अशा मुलांना खेळापासून दूर ठेवीत. ही सावधगिरी अनाठायी नव्हती. पण तिच्यामुळे निरोगी वाढीस आवश्यक असलेल्या गोष्टीस मूल मुकत असे.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात व्यायामाचा प्रसार मोठ्या प्रमाणावर झाला. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा हिरिरीने पुरस्कार केला. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळे येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापून योगक्रियांच्या शरीरावरील परिणामांचे प्रयोगशालेय संशोधन सुरू केले. बडोद्याहून द. चिं. मजुमदार यांनी संपादिलेला व्यायाम ज्ञानकोश दहा खंडांत प्रसिद्ध झाला. तालीम, आखाडा व मल्लखांब यांच्या परंपरेला या प्रयत्नांनी सुशिक्षित समाजात नवी प्रतिष्ठा मिळाली. व्यायामाने रोग दूर राहतात ही श्रद्धा त्यातून दृढ झाली व ती बहुतांशी हितकारकच होती. मात्र व्यायामाने किंवा आसनांनी इन्शुलीन सोडता येते, असा तिचा विपर्यास होतो तेव्हा इन्शुलीनावलंबी रोग्याच्या जिवावर बेतते. योगासने व प्राणायाम यांनी मनःस्वास्थ्य, स्नायूंची लवचिकता व नियमितपणा यांत लाभ होतो. नष्ट झालेल्या कोशिका त्यांनी पुन्हा निर्माण होत नाहीत.

मधुमेही रोग्यांना संघटितपणे शिक्षण देण्याचे कार्य मुंबईत डॉ. एस्. एस्. आजगावकर यांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये स्थापन झालेल्या डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने सुरू केले. पुण्याच्या के. ई. एम्. रुग्णालयातील मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय मधुमेहाच्या वैशिष्ट्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. दिसण्यात कृश असलेल्या भारतीय व्यक्तीच्याही शरीरात वसेचे (चरबीचे) प्रमाण अधिक असू शकते, हे त्यांच्या संशोधनातून पुढे आले. त्यामुळे केवळ शरीरयष्टीवरून मधुमेहाचा प्रकार ठरविणे भारतात विशेष धोक्याचे ठरते. येथे कुपोषणाशी निगडित मधुमेहही आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये त्याला स्वतंत्र स्थान दिले होते, १९९९ मध्ये ते काढून टाकले. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह संघाने त्याला ‘पाचवा प्रकार’ म्हणून पुन्हा मान्यता दिली. नागपूर येथे डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ मध्ये स्थापन केलेल्या ड्रीम ट्रस्टने गरीब कुटुंबांतील इन्शुलीनावलंबी मुलांना इन्शुलीन व शिक्षण पुरविले आहे. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील ‘उडान’ ही संस्था अशाच मुलांसाठी कार्य करते.

शारीरक्रियाविज्ञानाचा उलगडा : सु. १९६० पासून रक्तातील इन्शुलीन अचूक मोजता येऊ लागले व व्यायामाच्या परिणामांचे कोडे सुटू लागले. १९७० नंतरच्या दशकात स्वीडन, अमेरिका, कॅनडा व जर्मनी येथील प्रयोगांतून पुढील चित्र स्पष्ट झाले. निरोगी व्यक्ती श्रम करू लागली की तिच्या रक्तातील इन्शुलीन कमी होते आणि ग्लुकागॉन हे विरोधी हॉर्मोन वाढते. त्यामुळे यकृत आपल्या साठ्यातील ग्लुकोज रक्तात सोडते आणि स्नायू जेवढे ग्लुकोज वापरतात तेवढीच भर पडून रक्तशर्करा जवळजवळ स्थिर राहते.

इन्शुलीनावलंबी रोग्यात ही यंत्रणा दोन टोकांना बिघडते. इंजेक्शनाने दिलेले इन्शुलीन श्रम सुरू झाल्यावर आपोआप कमी होत नाही. ते यकृताला ग्लुकोज सोडू देत नाही. इकडे स्नायू मात्र ते वापरीत राहतात आणि रक्तशर्करा झपाट्याने उतरते. याउलट इन्शुलीन फारच कमी असेल, तर यकृत अनिर्बंधपणे ग्लुकोज सोडते, वसेचे विघटन होऊन कीटोन द्रव्ये साचतात आणि व्यायामाने रक्ताची अम्लता वाढून प्राणघातक अवस्था उद्‌भवू शकते. बर्गर व सहकारी आणि झिनमन, व्ह्रानिक व सहकारी यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांनी ही दोन्ही टोके प्रयोगाने दाखविली. ॲलन यांना १९१९ मध्ये दिसलेल्या विसंगतीचे उत्तर अशा प्रकारे सु. साठ वर्षांनी मिळाले.

१९७८ मध्ये कोइव्हिस्टो व फेलिग यांनी इंजेक्शनाच्या जागेचे महत्त्व दाखविले. मांडीत इन्शुलीन टोचून लगेच पायांचा व्यायाम केल्यास ते रक्तात अधिक वेगाने शोषले जाते. पोटात किंवा दंडात टोचल्यास हा परिणाम टळतो. सायकल चालविण्यापूर्वी अथवा पळण्यापूर्वी मांडीत इंजेक्शन घेऊ नये, हा सल्ला या प्रयोगावर आधारलेला आहे. १९८८-८९ मध्ये स्नायुकोशिकांतील ‘ग्लुट-४’ या ग्लुकोजवाहक प्रथिनाचा शोध लागला. इन्शुलिनाप्रमाणेच स्नायूच्या आकुंचनानेही हे प्रथिन कोशिकेच्या पृष्ठभागावर येते. म्हणजे श्रम करणारा स्नायू काही अंशी इन्शुलिनावाचूनही ग्लुकोज आत घेऊ शकतो. शोव्हो व काउफमान यांना घोड्याच्या ओठात दिसलेली घटना यामुळे रेणवीय पातळीवर उलगडली.

व्यायामानंतरची रात्र : व्यायाम थांबला म्हणजे धोका टळला, असा पूर्वी समज होता. अमेरिकेतील मॅक्डॉनल्ड यांनी १९८७ मध्ये तरुण रोग्यांविषयी प्रसिद्ध केलेल्या निबंधात श्रमानंतर बहुधा सहा ते पंधरा तासांनी, म्हणजे पुष्कळदा मध्यरात्रीनंतर झोपेत, रक्तशर्करा धोकादायक उतरते, हे दाखवून दिले. रिते झालेले ग्लायकोजेनाचे (यकृत व स्नायू यांत साठविलेल्या शर्करेचे) साठे भरून काढण्यासाठी स्नायू कित्येक तास रक्तातून ग्लुकोज घेत राहतात आणि त्यांची इन्शुलीन-संवेदनशीलताही वाढलेली असते, हे त्याचे कारण होय. नेहमीपेक्षा जास्त श्रमाच्या दिवशी संध्याकाळच्या इन्शुलिनात घट, झोपण्यापूर्वी अल्पाहार आणि रात्री एकदा रक्तपरीक्षा हा उपाय त्यातून पुढे आला.

सर्वच व्यायामांनी साखर उतरते असेही नाही. कुस्तीची चुरशीची लढत, शंभर मीटरची धाव किंवा वजन उचलणे यांसारख्या अल्पकाळाच्या तीव्र श्रमांत ॲड्रेनॅलीन व तत्सम हॉर्मोने स्रवतात आणि रक्तशर्करा काही वेळ चढते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००६ मध्ये दाखविले की, मध्यम व्यायामाच्या शेवटी दहा सेकंद पूर्ण वेगाने धाव घेतल्यास लगेच होणारी साखरेची घसरण रोखता येते. चढलेली साखर पाहून लगेच इन्शुलिनाची मोठी मात्रा घेतल्यास ती नंतर एकदम उतरण्याचा संभव असतो.

स्वपरीक्षण व खेळाडू : घरच्या घरी बोटातील रक्ताच्या थेंबावरून साखर मोजणे १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस शक्य झाले. याचा व्यायामावरील परिणाम इन्शुलिनाच्या शोधाखालोखाल मोलाचा आहे. व्यायामापूर्वी, मध्ये व नंतर स्वतःची साखर पाहून रोगी आपल्या शरीराचे नियम स्वतः शिकू लागला. १९८३–९३ या काळात अमेरिका व कॅनडा येथे १,४४१ रोग्यांवर झालेल्या दीर्घ चाचणीने रक्तशर्करा शक्य तितकी सर्वसाधारण ठेवल्यास डोळे, वृक्क (मूत्रपिंड) व तंत्रिका (मज्जातंतू) यांचे विकार पुष्कळ कमी होतात, हे सिद्ध केले; त्याचबरोबर कडक नियंत्रणात रक्तशर्करान्यूनतेचा धोका वाढतो, हेही दिसून आले. या प्रकारात नियमित व्यायामाने सरासरी रक्तशर्करा प्रत्येक वेळी कमी होतेच असे नाही. हृदय व रक्तवाहिन्यांचे आरोग्य, स्नायुबल आणि आत्मविश्वास यांना होणारा लाभ मात्र निश्चित आहे.

पाकिस्तानचा वेगवान गोलंदाज वसीम अक्रम याला १९९७ मध्ये हा विकार असल्याचे निदान झाले. त्यानंतरही तो इन्शुलीन घेत २००३ पर्यंत आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळला आणि त्या वर्षीच्या विश्वचषक स्पर्धेत त्याने एकदिवसीय सामन्यांतील आपला पाचशेवा बळी घेतला. अमेरिकन जलतरणपटू गॅरी हॉल (धाकटा) याने १९९९ मधील निदानानंतर २००० व २००४ च्या ऑलिंपिक स्पर्धांत सुवर्णपदके मिळविली. अशी उदाहरणे अपवादात्मक असली, तरी हा विकार खेळाला मज्जाव करीत नाही, हे त्यांनी लोकांना पटवून दिले.

सध्याची पद्धती : २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ञांच्या गटाने या विषयावरील एकमत प्रसिद्ध केले. त्यानुसार चालणे, धावणे, सायकल यांसारख्या दमश्वासाच्या व्यायामापूर्वी रक्तशर्करा साधारणपणे दर १०० मिलि. मध्ये १२६ ते १८० मिग्रॅ. असावी. ती ९० मिग्रॅ. पेक्षा कमी असल्यास १० ते २० ग्रॅ. ग्लुकोज घेऊन ती वर येईपर्यंत थांबावे. ती २७० मिग्रॅ. पेक्षा अधिक असल्यास कीटोन द्रव्ये तपासावीत आणि ती वाढलेली असल्यास व्यायाम करू नये. आधी इन्शुलिनाची त्रुटी दूर करावी. मागील चोवीस तासांत साखर उतरून दुसऱ्याच्या मदतीची गरज पडली असेल, तर त्या दिवशी व्यायाम टाळावा. जेवणानंतर लवकरच व्यायाम करावयाचा असल्यास त्या जेवणाच्या इन्शुलिनात वैद्याच्या सल्ल्याने घट करतात. लांबणाऱ्या श्रमांत ताशी ३० ते ६० ग्रॅ. कार्बोहायड्रेट लागू शकते. सतत रक्तशर्करा दर्शविणारी संवेदक उपकरणे व इन्शुलीन-पंप यांमुळे हे नियमन अधिक सुकर झाले आहे. परंतु त्यांचा खर्च बहुसंख्य भारतीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे.

ग्रामीण मराठवाडा : वरील नियम प्रामुख्याने ठरलेल्या वेळी, ठरलेला काळ व्यायाम करणाऱ्या नागरी रोग्याला समोर ठेवून बनविलेले आहेत. खेड्यातील परिस्थिती वेगळी असते. जालना जिल्ह्यातील (निर्मिती १ मे १९८१) अंबड तालुक्यातले गोदावरीच्या उत्तर तीरावरील शहागड हे सोलापूर–धुळे महामार्गावरील गाव याचे प्रातिनिधिक उदाहरण मानता येईल. पैठणच्या जायकवाडी प्रकल्पामुळे या पट्ट्यात उसाची लागवड वाढली. नदीपलीकडचा बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. अशा भागात ‘व्यायाम’ हा शब्द शाळेच्या मैदानापुरताच राहतो. खरे श्रम कापूस वेचणे, खुरपणी, ऊसतोड, मोळ्या वाहणे, पाणी भरणे आणि शाळेपर्यंतची पायपीट या रूपांत घडतात. त्यांची वेळ व तीव्रता हंगामावर अवलंबून असते. ज्या इन्शुलीन-मात्रेवर शाळकरी मुलगा पावसाळ्यात ठीक राहतो, तीच मात्रा वेचणीच्या दिवसांत त्याला रात्री बेशुद्ध करू शकते. म्हणून अशा रोग्याला मात्रा ठरवून देताना त्याच्या घरच्या कामाचे वर्षभराचे वेळापत्रक विचारणे हे आहाराची चौकशी करण्याइतकेच आवश्यक ठरते. पंढरीच्या वारीला पायी जाणारा किंवा कबड्डीच्या सामन्यांत उतरणारा रोगी यांनाही हेच लागू आहे.

दुसरी अडचण उष्म्याची आहे. न उघडलेले इन्शुलीन २° ते ८° से. तापमानात ठेवावे लागते आणि मराठवाड्याचा उन्हाळा ४०° से. च्या वर जातो. उष्णतेने निर्बल झालेले इन्शुलीन टोचून श्रम केल्यास रोग्याला आपण इन्शुलीन घेतले असे वाटते. प्रत्यक्षात मात्र त्याची साखर व कीटोन द्रव्ये चढत राहतात. शीतकपाट नसलेल्या घरांत मातीच्या दोन भांड्यांमध्ये ओली वाळू भरून आतल्या भांड्यात कुपी ठेवण्याची युक्ती उपयुक्त ठरते. बाष्पीभवनामुळे आतील तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच कमी राहते.

साखर उतरल्याची लक्षणे दिसताच तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून देणे हा सर्वांत स्वस्त व तत्पर उपाय आहे. गूळही चालतो, भाकरीतील कार्बोहायड्रेटे मात्र सावकाश शोषली जात असल्याने त्या क्षणी पुरेशी पडत नाहीत, ती नंतर द्यावी लागतात. बेशुद्ध रोग्याच्या तोंडात काहीही घालू नये, कारण ते श्वासमार्गात जाऊन गुदमरण्याचा धोका असतो. शेतात किंवा मैदानावर रोग्याबरोबर असणाऱ्या निदान एका व्यक्तीला ही माहिती असणे आवश्यक आहे. त्यासाठी विकार लपविण्याची प्रवृत्ती सोडावी लागते. मुलीच्या विवाहाच्या चिंतेने तो लपविला जातो, तेव्हा ही मदत करणारे कोणीच उरत नाही.

शासकीय पातळीवर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तरुण वयातील मधुमेहाची नोंदणी २००६ मध्ये सुरू केली आणि २०२२ मध्ये पहिल्या प्रकारच्या मधुमेहाविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये अशा विद्यार्थ्यांना परीक्षागृहात खाद्यपदार्थ नेण्याची मुभा दिली. वर्गात मिळणारी ही सवलत खेळाच्या मैदानावरही तितकीच गरजेची आहे. मुलाच्या खिशात साखर असावी, क्रीडाशिक्षकाला त्याचा विकार ठाऊक असावा, आणि साखर उतरल्यास त्याला खेळातून कायमचे वगळण्याऐवजी थोडा वेळ बसवून पुन्हा खेळू द्यावे, एवढी व्यवस्था कोणत्याही शाळेला विशेष खर्चाशिवाय करता येण्याजोगी आहे.